ज्वारी निघाल्यावर

गेल्या जानेवारीत आमच्या ओरिएंटिअरिंगच्या, म्हणजे नकाशा आणि होकायंत्र घेऊन रानातली ठरलेली ठिकाणं गाठत पळायच्या खेळाच्या, सरावात दोन पोरं उभ्या ज्वारीतून गेली. नकाशावर ती जागा पिवळी, वर काळे ठिपके. म्हणजे पेरलेलं शेत. पण तिसऱ्या कंट्रोलवरून, म्हणजे गाठायच्या खुणेवरून, चौथ्याकडे सरळ रेघ तिथूनच जात होती, आणि होकायंत्र हातात घेऊन धावणारं पोरगं रेघेनंच जातं. त्यांना काय बोलणार? कंट्रोल मीच लावले होते.

संध्याकाळी वस्तीवर गेलो. तात्यांनी मला वावरात नेलं. सात-आठ ताटं आडवी झाली होती, कणसं हुरड्याला आलेली. तात्यांनी एक ताट उभं करून बुडाशी पायानं माती दाबली. हात काढला की ते परत कललं. "वर्षाची भाकरी हाय सर ही. आन् कडबा जनावरांचा." पैसे घेतले नाहीत. 1:10,000 च्या नकाशावर त्यांचं पाच एकर माझ्या अंगठ्याच्या नखाएवढं दिसतं.

हा खेळ जिथं वाढला त्या स्वीडनमध्ये दुसऱ्याच्या जमिनीवरून चालायची सगळ्यांना मुभा आहे, तरी उभ्या पिकातून जायची नाही. आपल्याकडे तशी मुभाच नाही. सातबारा ज्याच्या नावावर, त्याला घरी जाऊन विचारायचं. वनखात्याची हद्द असेल तर खात्याची परवानगी.

मग पावसाळ्यात घेऊ म्हटलं, रब्बीची रानं तेव्हा मोकळीच असतात. जूनमध्ये माळावर जागा बघायला गेलो. दगडांच्या एका ढिगाजवळ कंट्रोल ठेवायचा विचार होता. तिथं पोचायच्या आत टिटवी डोक्यावर येऊन ओरडायला लागली. थांबून खाली बघितलं, तर पावलापासून हातभर अंतरावर चार अंडी. मातकट रंग, काळे डाग, निमुळती टोकं आत वळलेली. घरटं म्हणजे नुसता मुरमातला खळगा. पंचवीस पोरं तिथून पळाली असती तर?

टिटवी एकटी नाही. धाविक, चंडोल, सगळे जमिनीवरच अंडी घालतात. सोलापूरजवळच्या नान्नजचं अभयारण्य ज्याच्यासाठी 1979 साली झालं तो माळढोकही उघड्यावर, आणि एका वेळी बहुधा एकच अंडं. आम्ही अभयारण्यात पाऊल टाकत नाही. पण पाखराला हद्द कुठली कळते? माळाला पडीक म्हणायची आपली सवय मला आता सहन होत नाही.

हिवाळ्यात पीक, पावसाळ्यात वीण. मधे उरतो फेब्रुवारीचा शेवट: ज्वारी निघालेली, टिटवी अजून बसलेली नसते, आणि ऊन सकाळी दहापर्यंत सोसवतं. वर्षातून एकच रविवार मिळाला तरी चालेल. कंट्रोल आता पांदणीच्या वळणांवर आणि ताली फुटतात तिथं, म्हणजे सरळ रेघ धरून कुणाचा फायदाच होऊ नये.

परवा नवा नकाशा घेऊन तात्यांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून विहीर शोधली, तिच्यावर बोट ठेवलं. "वरल्या बांधानं जावा. खालच्या तुकड्यात हरभरा हाय अजून, पंधरा दिवस तरी." मी तिथंच बाजेवर बसून त्या तुकड्यावर प्रवेशबंदीच्या जांभळ्या रेघा मारल्या.