भाऊबीजेला दादाला सुरी दिली, त्याची गोष्ट

दरवर्षी भाऊबीजेला दादा ताटात पाकीट टाकतो, मी त्याला शर्टपीस देते आणि तो शर्टपीस पुढच्या दिवाळीपर्यंत घडी न मोडता कपाटात पडून असतो. दादा नोकरीला पुण्यात, पण जीव सगळा डोंगरात, पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड चालायला येणार म्हणजे येणारच. गेल्या जुलैत मसाई पठारावर त्याच्या ऑनलाईन घेतलेल्या सुरीची मूठ हातात राहिली आणि पातं गवतात कुठं गेलं ते सापडलंच नाही. तेव्हाच मी ठरवलं की यंदा हातानं घडवलेली सुरी द्यायची, तीही कोल्हापुरातच करून घ्यायची.

पहिली चूक म्हणजे मी गेले घटस्थापनेच्या आठवड्यात. लोहारमामा भट्टीवरून नजर न काढताच म्हणाले, "ताई, ऊसतोडीचं कोयतं पडल्यात इथं ढीगभर, दिवाळीनंतर कारखानं धडाधड सुरू हुतील, तुमची सुरी कधी करू?" बरोबरच होतं त्यांचं. दोन दिवस नुसती जाऊन बसले, चहा पाजला, तेव्हा म्हणाले आणा पाटा, बघू.

पाटा म्हणजे ट्रकच्या खालचा कमान पाटा. ते स्प्रिंगचं पोलाद असतं, त्यात कार्बन चांगला असतो म्हणून लोहार लोक कोयत्याला, विळ्याला तेच वापरतात. उद्यमनगरातल्या भंगारवाल्यानं किलोवर वजन करून दिला आणि वर विचारलं, "वैनी, गाडी कुठली?"

मी नेटवर बघून झकास ड्रॉइंग नेलेलं, पात्याची जाडी सहा मिलिमीटर. मामांनी ते उलटसुलट करून बघितलं नि म्हणाले, "ह्यानं काकडी कापायची का नारळ फोडायचा?" शेवटी साडेतीनवर तडजोड झाली. लांबी मात्र मी चार इंचाच्या वर जाऊ दिली नाही. कायद्यात नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पातं असेल आणि ते घरकामाचं, शेतीचं वगैरे नसेल तर ते शस्त्रात धरतात, आणि एवढं मोठं पातं ट्रेकला लागतं कुणाला? आणि हो, विमानानं हिमालयात जाणाऱ्यांनी सुरी चेक-इनच्या बॅगेतच टाका, हातातल्या बॅगेत सापडली की गेलीच समजा.

आता मेन गंमत. लाल पाटा ऐरणीवर घेतला, मुलगा घण मारतोय, मामा सांडशीत धरून फिरवतायत, अर्ध्या तासात त्या गंजक्या पट्टीला सुरीचा आकार आला बघा. मग पाणी द्यायची वेळ, म्हणजे लाल पातं एकदम गार करून कडक करायचं. मामांची सवय कोयत्याची, त्यांनी सरळ पाण्याच्या बादलीत बुडवली आणि टिंग करून बारीकसा आवाज आला. मला वाटलं काहीतरी पडलं खाली. मामा मात्र गप्प झाले, पातं उजेडात धरलं तर धारेपासून वर केसासारखी चीर. कदाचित जुन्या पाट्यातच आधीची बारीक भेग असेल, ट्रकखाली वर्षानुवर्षं हादरे खाल्लेलं लोखंड ते, पण पाण्यानं एकदम गार झाल्यावर असलं पोलाद तडकतं हेही खरंय. दुसरं पातं घडवलं तेव्हा मी घाबरत घाबरत म्हटलं, "मामा, तेलात बघूया का?" रागावतील वाटलं होतं, पण त्यांनी डबाभर तेल कोमट केलं, दुकानातला दिवा घालवला, अंधारात पात्याचा रंग बघितला, चुंबक लावून बघितला (साधारण ७७० अंशांच्या पुढं लोखंडाला चुंबक धरत नाही, तिथून अजून थोडं तापवायचं) आणि मग बुडवलं. भसकन धूर झाला, टिंग काही आलं नाही.

अशी कडक सुरी काचेसारखी ठिसूळ असते, म्हणून ती घरी आणून ओटीजीत २०० अंशांवर दोन तास, दोनदा ठेवली. आईचा केक त्या दिवशी रद्द झाला. बाहेर काढली तर पात्यावर फिकट सोनेरी रंग चढलेला, तोच पाहिजे असतो. मूठ आणि घासकाम मामांकडंच. खंडेनवमीला काम बंद होतं, तरी मी गेले, तर ऐरणीवर घण, सांडशी, कानस मांडून हळदकुंकू लावलेलं आणि त्यांच्या शेजारी माझी बिनमुठीची सुरी, तिच्यावरही एक झेंडू. खोटं कशाला बोलू, डोळ्यात पाणी आलं.

मूठ शिसवीची, पोलादाची पट्टी मुठीच्या शेवटापर्यंत आरपार नेलेली, म्हणजे आता पठारावर पातं निसटायचा प्रश्नच नाही. म्यान चप्पल लाईनमधल्या एका कारागिरानं कोल्हापुरीच्या चामड्याचं शिवलं. त्यानंच बजावलं की हे बाभळीच्या सालीनं, हिरड्यानं कमावलेलं कातडं आहे, घरी असताना सुरी यात ठेवायची नाही, गंजते. पुसून, खोबरेल लावून बाहेर ठेवायची.

भाऊबीजेला आई म्हणाली हातात देऊ नकोस, भांडणं होतात, पाटावर ठेव. ठेवली. दादानं उचलली, अंगठ्यानं धार बघितली, काहीच बोलला नाही, नुसता हसला आणि स्वयंपाकघरात गेला, तर आईनं लगेच पोह्याचे चार कांदे पुढं सरकवले. चिरून झाल्यावर बघतोय तर पात्यावर निळसर काळे डाग! मी किंचाळलेच, मामांना फोन लावला. ते म्हणाले, "पोलाद हाय ते, स्टीलचा चमचा न्हवं, पडू द्या की काळं."