पोच द्या, मग आम्ही जातो

सहावीच्या नागरिकशास्त्रात ग्रामीण स्थानिक शासनसंस्थांचा धडा आहे. किमान सात आणि जास्तीत जास्त सतरा सदस्य, सरपंच, ग्रामसेवक, ग्रामसभा. मुलं घडाघडा म्हणून दाखवतात. माण तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत हा धडा मी चार वर्षं शिकवला. ग्रामपंचायतीचं कार्यालय शाळेपासून दोनशे पावलांवर, पण त्या चार वर्षांत एकही मूल माझ्यासोबत त्याच्या पायऱ्या चढलं नव्हतं. उपक्रम म्हणून आम्ही प्रभातफेरी काढायचो, घोषणा द्यायचो, रोपं लावायचो. मुलं रमायची. पण गावातला एखादा प्रश्न धरून तो शेवटापर्यंत नेणं म्हणजे काय, हे त्यांना माहीत नव्हतं.

२०२३ साली मी दोन गोष्टी ठरवल्या. विषय मुलांनी निवडायचा. आणि सरपंचांना मी फोन करायचा नाही. दुसरी गोष्ट पाळणं फार अवघड गेलं, कारण माझ्या एका फोनवर काम दोन दिवसांत झालंही असतं. पण मग मुलं त्यातून एवढंच शिकली असती, की बाईंनी फोन केला की कामं होतात.

गावफेरी काढली. प्रत्येक गटाला वही, आणि वहीत दोन रकाने: काय बिघडलंय, आणि ते कुणाचं काम आहे. पहिला रकाना अर्ध्या तासात भरला. दुसऱ्याला आठवडा लागला, आणि माझ्या मते खरा धडा तोच होता. रस्त्यावरचा दिवा बंद आहे. मग बल्ब कुणाचा, वायर कुणाची? संध्याकाळची एसटी वेळेवर येत नाही, ते सरपंचांना सांगून काय उपयोग? अर्ज आगार व्यवस्थापकांकडे जायला हवा. सगळ्या तक्रारींचं एकच दार नसतं, हे मुलांना पहिल्यांदाच उमगत होतं.

शेवटी मुलांनी शाळेच्या कोपऱ्यावरचा गळका व्हॉल्व्ह निवडला. त्या वर्षी ऑगस्टमध्ये पाऊस जवळजवळ झालाच नव्हता. गावात तिसऱ्या दिवशी दोन तास पाणी सुटायचं, आणि त्या दोन तासांत कोपऱ्यावर कायम डबकं साचलेलं असायचं.

"पाणी लई वाया जातं," असं सगळे म्हणत होते. मी विचारलं, "लई म्हणजे किती?" कुणालाच सांगता येईना. मग दहा लिटरची बादली आणली, खाली मातीत खड्डा करून ती बसवली, आणि माझ्या मोबाईलवर वेळ लावली. तीन पाळ्यांना तीन वेळा मोजलं. बादली भरायला सरासरी तीन मिनिटं वीस सेकंद, म्हणजे मिनिटाला तीन लिटर. दोन तासांचे ३६० लिटर. जल जीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटरचं माप धरलंय, हे मी सांगितलं. एका मुलानं लगेच भागाकार केला आणि वहीवरून मान वर न करताच म्हणाला, "बाई, सहा माणसांचं दिवसाचं पाणी हाय ह्ये." वर्गात कुणी काही बोललं नाही. त्यांच्यातल्या निम्म्यांच्या घरी सहाच माणसं होती.

आधी सगळा राग पाणी सोडणाऱ्या काकांवर निघाला. म्हणून त्यांनाच भेटायला गेलो. काकांनी व्हॉल्व्ह उघडून दाखवला. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या, एकावर एक, किती थर होते कोण जाणे. "चार महिने झाले सांगतोय, नवा द्या म्हणून. तोवर हे बांधत बसतो," ते म्हणाले. परत येताना मुलं गप्प होती. अर्जात काकांविरुद्ध एक ओळ होती, ती त्यांनी स्वतःहून खोडली.

अर्जाचे चार खर्डे झाले. पहिल्यात होतं, "पाण्याच्या गळतीमुळे फार नुकसान होत आहे, तरी कृपया लक्ष द्यावे." असे अर्ज कपाटात पडून राहतात. शेवटच्या खर्ड्यात जागा, मोजमाप, तारखा आणि मागणी होती: व्हॉल्व्ह बदलावा. खाली एका मुलीनं आणखी एक ओळ घातली: "कधी बदलणार ते लेखी कळवावे."

सहाजण अर्ज घेऊन गेले. मी फाटकाबाहेर उभी. कार्यालयातल्या माणसानं अर्ज वाचलाही नाही. "ठेवा तिथं. आन् बाईंना पाठवून द्या," म्हणाला. पाच मुलं मागे फिरली. अर्जातली शेवटची ओळ लिहिणारी मुलगी मात्र टेबलापाशीच थांबली. अर्जाची दुसरी प्रत पुढे सरकवून म्हणाली, "पोच द्या, मग आम्ही जातो." तिचा आवाज कापत होता, मला बाहेरपर्यंत ऐकू आला. आत जावं असं मला फार वाटलं, पण मी जागची हलले नाही. पाच-सात मिनिटांनी आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का असलेला कागद घेऊन ती बाहेर आली. घडी पडू नये म्हणून तिनं तो पुस्तकात ठेवला होता.

उत्तर मात्र आलं नाही. डिसेंबर संपला. मुलांनी ग्रामसभेत जायचं ठरवलं, तेव्हा मला खरं ते सांगावं लागलं: ग्रामसभा मतदारांची असते, तुम्हाला मत नाही. मुलांचे चेहरे उतरले. मग आम्ही ग्रामसभेचे नियम नीट वाचले. नियमित ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. आणि ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे सभा भरायला लागणारी किमान हजेरी, पंधरा टक्के मतदार किंवा शंभर, यांतलं जे कमी असेल ते. एकजण म्हणाली, "मग आयांना सांगू की."

पुढचे दहा दिवस मुलं घरोघर हिंडली. महिला सभेला एरवी सहीपुरत्या येणाऱ्या बायका त्या दिवशी वही घेऊन आल्या होत्या, मुलांचीच वही. एका आईनं ३६० लिटरचा हिशोब वाचून दाखवला. वाचताना ती दोनदा अडखळली, तरी तिनं सगळं वाचलं. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत तो विषय महिला सभेकडून आला. केंद्राकडून पंचायतीला मिळणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला साठ टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला होता, हेही तिथं निघालं. ठराव झाला. मुलं भिंतीला टेकून बसली होती. ठराव वाचला गेला तेव्हा टाळ्या वाजवायच्या की नाही, हे त्यांना कळेना. सगळी माझ्याकडे बघत होती.

फेब्रुवारीत व्हॉल्व्ह बदलला. पाणी सोडणाऱ्या काकांनी जुना व्हॉल्व्ह, ट्यूबच्या पट्ट्यांसकट, शाळेत आणून दिला. विज्ञानाच्या कपाटात तो अजून आहे.

त्याच गावफेरीतली एसटी अजून वेळेवर येत नाही. आगाराला दोन अर्ज गेले, दोन्हींची पोच आहे, उत्तर एकाचंही नाही. तिसरा अर्ज मुलांनी लिहायला घेतलाय.

जूनमध्ये नवी सहावी गावफेरीला निघाली, तेव्हा सातवीतली चार मुलं न सांगता सोबत आली. देवळामागच्या बंद दिव्याखाली एका लहानग्यानं विचारलं, "बाई, हे कुणाचं काम?" मी तोंड उघडायच्या आत मागून आवाज आला, "बल्ब पंचायतीचा, वायर महावितरणची. आधी खांबावरचा नंबर लिहून घे."