वळलेल्या शेपट्या

वीर्याचा नमुना साडेपाच मिलिलिटर भरला आणि पिपेटमधून पाण्यासारखा पडला. तेव्हाच खटकायला हवं होतं, पण त्या दिवशीच्या रांगेतला तो अकरावा होता.

सूक्ष्मदर्शकाखाली एकही शुक्राणू धड पोहत नव्हता. बहुतेकांच्या शेपट्या वळून वेटोळं झालेल्या. ‘गतिशीलता शून्य’ लिहायला हात गेलाच होता. तरी इओसिनचा रंग लावून पाहिला. मेलेल्यांची डोकी गुलाबी होतात. इथे बहुतेक पांढरीच राहिली. जिवंत, आणि तरी निपचित!

अशा वेळी आम्ही ‘हॉस’ (हायपो-ऑस्मोटिक स्वेलिंग, म्हणजे पातळ द्रावणात फुगण्याची) चाचणी करतो. फ्रुक्टोज आणि सोडियम सायट्रेटचं 150 मिलिऑस्मोलचं (हे विरघळलेल्या कणांचं माप) पातळ द्रावण घालायचं; जिवंत पेशीत पाणी शिरतं, ती फुगते आणि शेपटी वळते. मेलेल्याचं आवरण फाटकं, त्यामुळे तो फुगत नाही. पण इथे द्रावण घालण्याआधीच शेपट्या वळलेल्या. कुणीतरी चाचणी आधीच उरकून ठेवली होती.

पाणी आत जातं ते बरंचसं ॲक्वापोरिन नावाच्या प्रथिनांच्या नळ्यांतून. पीटर ॲग्रे यांना त्यांच्या शोधासाठी 2003 मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. माणसाच्या शुक्राणूत तिसऱ्या, सातव्या, आठव्या आणि अकराव्या क्रमांकाची ॲक्वापोरिनं सापडतात. शेपटीत मुख्यतः तिसरी. वीर्यात स्त्रीच्या मार्गातल्या स्रावांपेक्षा विरघळलेले कण जास्त, म्हणून तिथे पोहोचल्यावर शुक्राणूवर पाणी चाल करून येतंच. ते बाहेर काढून आकार सांभाळायचा असतो. ज्या उंदरांत ही तिसरी नळी नव्हती, त्यांचे शुक्राणू जास्त फुगले आणि शेपट्या मुडपल्या. म्हणजे पाणी येऊ देणारी वाटच ते सावरायलाही लागते. (विद्यार्थ्यांना हे पटवायला मला दर वर्षी दोन तास लागतात.) अर्थात सावरण्यालाही मर्यादा असते.

विरघळलेले कण मोजणारा ऑस्मोमीटर लावला. आकडा 200 मिलिऑस्मोलच्या जवळपास. रक्ताचा साधारण 290, आणि वीर्याचा त्याहून जास्तच हवा.

नमुना देणाऱ्या गृहस्थांना फोन केला. “सर, डबी तुम्ही आधी धुतली होती का?”

पलीकडे क्षणभर शांतता. “हो मॅडम, नळाखाली. स्वच्छ असावी म्हणून. पुसली मात्र नाही.”

“तळाशी पाणी होतं?”

“होतं थोडं. त्याने काय होतं?”

काय होतं ते अहवालात गेलं असतं, तर हा माणूस नसलेल्या आजाराच्या गोळ्या खात बसला असता. चूक त्यांची नव्हतीच. डबी निर्जंतुक आहे, धुऊ नका, एवढं सांगायला आमच्याकडून राहिलं होतं.

तीन दिवसांच्या संयमानंतर ते दुसरा नमुना घेऊन आले. साडेतीन मिलिलिटर, दाट. स्लाइडवर अर्ध्याहून जास्त पुढे सरकत होते. मग थोडा थेंब मुद्दाम हॉसच्या द्रावणात घातला आणि 37 अंशांवर ठेवला. अर्ध्या तासाने पाहिलं, तर पुन्हा तीच वेटोळी. या वेळी ती मी केलेली होती.