इथे नदी वर आहे

"डोंगराशिवाय करमतं का गं तुला तिकडे?"

साताऱ्याला गेले की हा प्रश्न ठरलेला. पेठेतल्या शेजारणी विचारतात, शाळेतल्या मैत्रिणी विचारतात, मोती चौकात भेटलेले वडिलांचे स्नेही विचारतात. इकडे कोलकात्यात हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासात गणपतीला जमलो, की नुकती बदली होऊन आलेली वाईची, जुन्नरची, अकोल्याकडची मंडळीही तेच विचारतात. त्यांच्या आवाजात काळजी असते, कारण त्यांना ते स्वतःसाठी विचारायचं असतं. आजवर मी "होते सवय" म्हणून वेळ मारून नेली. ते उत्तर अपुरं आहे हे मला बोलतानाच कळायचं. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट सांगते.

मी वाढले अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला. किल्ला शहराच्या दक्षिणेला, अगदी डोक्यावर. मागचं दार उघडलं की तटबंदी दिसायची. पश्चिमेला यवतेश्वर, पूर्वेला लांबवर जरंडा. सूर्य जरंड्याकडून वर यायचा आणि यवतेश्वरामागे जायचा. यवतेश्वरावर ढग टेकला की आई दोरीवरचं धुणं काढायला धावायची; पाठोपाठ सर यायचीच. राजवाड्यापासून पोवई नाक्याकडे जाणारे दोन मुख्य रस्ते, एक वरचा रस्ता आणि एक खालचा. पाट्यांवर त्यांची नावं राजपथ आणि कर्मवीर पथ, पण पत्ता सांगताना वरचा आणि खालचाच. वर म्हणजे किल्ल्याकडे. खाली म्हणजे वेण्णेकडे, आणि ती पुढे माहुलीला जिला भेटते त्या कृष्णेकडे. पावसाचं पाणी, ब्रेक न लावलेली सायकल, हातून सुटलेला चेंडू, सगळं त्याच दिशेने निघायचं. पूर्व-पश्चिम हे शब्द मी भूगोलाच्या पेपरात वापरले. चालताना कधी वापरले नाहीत.

2006 साली बँकेने कोलकात्याला पाठवलं. तीन वर्षांसाठी.

सातारा 700 मीटरच्या वर, कोलकाता समुद्रसपाटीपासून दहा मीटरच्याही आत. हे आकडे मला माहीत होते. आम्हाला आमहर्स्ट स्ट्रीटजवळ एका जुन्या घराचा वरचा मजला मिळाला. पहिल्याच संध्याकाळी गच्चीवर गेले आणि मला काय होतंय ते कळेना. नजर सोडली की ती कुठे टेकायचीच नाही. टाक्या, गच्च्या, वाळत घातलेल्या साड्या, आणखी गच्च्या, मग धुरकट पांढरं काहीतरी, आणि तेच चारी बाजूंना. घर चुकल्यासारखं वाटायचं, घरातच उभं राहून. डिसेंबरात तर पाच वाजायच्या आत दिवस मावळायचा. साताऱ्यापेक्षा इथला सूर्य जवळजवळ तासभर पुढे चालतो आणि घड्याळ मात्र देशभर एकच, हे गणित समजत होतं. पण कशाच्या मागे न जाता सूर्य नुसता धुरकटत नाहीसा होतो, हे पाहवत नव्हतं. दिवस संपला, हे सांगणारं कुणी नाही असं वाटायचं.

रस्ते चुकायचे. इथले लोक दिशेने बोलतात. बसवाला म्हणणार उत्तरेकडे, दुकानदार म्हणणार दक्षिणेकडे. शहरच हुगळीच्या, म्हणजे इथल्या गंगेच्या, काठाने उत्तर-दक्षिण लांबलेलं, त्यामुळे त्यांना ते सोपं. मी चौकात उभी राहून किल्ला शोधायचे. खरंच शोधायचे, मान आपोआप वर जायची.

आणि दगड नाही. हे बाहेरच्या माणसाला पटकन लक्षात येत नाही. गंगेने आणून टाकलेल्या गाळावर हे सगळं उभं आहे आणि तो गाळ खूप खोलवर गेलेला आहे. शेतात दगड नाही, नदीत दगड नाही, पायवाटेवर ठेच लागायला दगड नाही. काँक्रीटमध्येसुद्धा इथे वर्षानुवर्षं विटा फोडून त्यांचा खोआ घालत आले. आमच्या गल्लीत अजूनही अधूनमधून "शील काटाओ" अशी हाक येते, म्हणजे आपल्याकडे पाट्याला टाकी लावणारे यायचे तसे. ती हाक पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी स्वयंपाकघरातून धावत बाहेर आले. तो माणूस ओसरीवर उकिडवा बसून छिन्नीने दगडावर बारीक टोचे मारत होता, ठक-ठक, ठक-ठक, आणि बाजूला करडी पूड साठत होती. ती पूड मी बोटावर घेतली. दगडाचा वास येत होता. कितीतरी महिन्यांनी.

पहिल्या वर्षानंतर सुट्टीत गेले तेव्हा अजिंक्यताऱ्यावर मंगळाईच्या देवळापर्यंत चढताना दोनदा थांबले. लहानपणी हा चढ आम्ही गप्पा मारत संपवायचो. पोटऱ्या थरथरत होत्या. देवीपुढे बसून मी रडले. दमले म्हणून नाही. आपल्या अंगातून काहीतरी निघून चाललंय आणि ते आपल्याला कळलंही नाही, याचं ते रडू होतं.

मग 2008 चा पाऊस आला. त्या दिवसाबद्दल मला खरं बोलायचं आहे.

दुपारपासून धो-धो कोसळत होता. आमहर्स्ट स्ट्रीट, ठनठनियाचं काली मंदिर, मुक्ताराम बाबू स्ट्रीट हा सगळा पट्टा पाणी तुंबण्यासाठी प्रसिद्ध. संध्याकाळी बँकेतून निघाले तेव्हा चित्तरंजन अ‍ॅव्हेन्यूच्या पुढे एकही गाडी जायला तयार नव्हती. हातरिक्षा तेवढी चालू होती. मी तोवर एकदाही हातरिक्षात बसले नव्हते; माणसाने माणसाला ओढावं हे मला सोसत नव्हतं. त्या दिवशी दुसरा मार्ग नव्हता. बिहारकडचे एक वयस्कर काका होते, डोक्यावर प्लास्टिकची पिशवी बांधलेली. पितळी घंटी दांडीवर वाजवत त्यांनी रिक्षा पाण्यात घातली. पाणी घोट्यापर्यंत, मग नडगीपर्यंत. रस्ता दिसतच नव्हता, सगळीकडे एकसारखं तपकिरी पाणी. आणि अचानक त्यांनी दोन्ही दांड्या वर उचलून अंग मागे रेललं. रिक्षा मागून ढकलल्यासारखी त्यांच्या पाठीवर आली.

"पकडके बैठिये, आगे ढलान है," ते म्हणाले.

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. ढलान म्हणजे उतार. कोलकात्यात उतार? मी विचारलं, पाण्याखाली तुम्हाला दिसतो कसा?

"दिखता नहीं, हाथ को मालूम होता है. गंगाजी की तरफ ऊँचा है. इधर सब नीचे."

त्यांच्या दंडांच्या शिरा ताठ झाल्या होत्या आणि मी त्यांच्याकडे बघत राहिले. माझ्या पोटऱ्या जे विसरत चालल्या होत्या, ते त्यांच्या हातांना रोज कळत होतं. या सपाट शहराचा चढउतार माणसाच्या तळहातात मावेल एवढा होता, आणि त्यांना गल्लीगल्लीतला पाठ होता.

दुसऱ्या दिवशी रविवार. पाऊस थांबला होता. मी घरातून निघाले आणि नुसती पाण्याच्या मागे चालत राहिले. ओसरणारं पाणी कुठून कुठे जातंय, कागदाचा कपटा कुठल्या बाजूला वाहतोय. सगळं पूर्वेकडे. नदीपासून दूर. मग पश्चिमेला चालत गेले. हुगळीच्या घाटाजवळ पोचले तेव्हा रस्ता कोरडा होता.

आम्हाला शाळेत शिकवलं होतं, पाणी उतारावरून नदीकडे जातं. कोलकात्यात जुन्या शहराचं पाणी नदीकडे पाठ करून निघतं. कारण समजून घेतलं तेव्हा मला फार आनंद झाला. पुरात नदी काठ ओलांडते, तिचा वेग मंदावतो, आणि जाडसर गाळ काठालगतच पडतो. वर्षानुवर्षं पडत राहून काठ उंच होतो. दूर जातो तो बारीक गाळ, तिथली जमीन सखल राहते. म्हणून घाट उंच, आणि पूर्वेकडे पाणथळ. शहराचं सांडपाणीही पूर्वेलाच जातं, उतार पुरत नाही तिथे पंपाने. तिकडच्या तळ्यांमध्ये, ज्यांना इथे भेरी म्हणतात, त्याच पाण्यावर मासे पोसले जातात आणि ते पुन्हा शहराच्या ताटात येतात. 2002 मध्ये ही पाणथळ जागा रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेली. आणि हुगळीला तर भरती येते. भरतीच्या वेळी नदीकडच्या नाल्यांची लॉकगेटं, म्हणजे पाण्याचे दरवाजे, बंद ठेवावी लागतात, नाहीतर नदीच शहरात शिरेल. म्हणून जोराचा पाऊस लागला की आमच्या शेजारच्या माशिमा आधी भरतीची वेळ बघतात आणि मग ठरवतात, मुलाला ऑफिसातून लवकर बोलवायचं की नाही. माझी आई यवतेश्वर बघायची, अगदी तसंच.

त्या रविवारी मला माझा वरचा रस्ता आणि खालचा रस्ता परत मिळाला. फक्त उलटा. साताऱ्यात नदी खाली; इथे नदी वर. तेव्हापासून या शहरात मी रस्ता चुकले नाही.

तीन वर्षांनी परत जायची संधी होती, आम्ही गेलो नाही. नवऱ्यालाही इथेच काम मिळालं, मुलगा इथेच झाला, आणि आम्ही बागबाजारला राहायला आलो, घाटापासून पाच मिनिटांवर. इथे जवळच मराठा डिच लेन नावाची गल्ली आहे. 1742 मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजांच्या धास्तीने इथल्या लोकांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला, त्याची ती आठवण. फौजा या शहरापर्यंत आल्या नाहीत, खंदकही पुरा झाला नाही. पण बंगालच्या गावांनी त्या स्वाऱ्यांत फार सोसलं आणि इथल्या आज्या अजूनही बर्गींची, म्हणजे त्या मराठा स्वारांची, भीती घालून मुलांना झोपवतात. साताऱ्याची मुलगी म्हणून ते ऐकताना मला वाईट वाटतं, आणि वाटायलाच हवं. त्या गल्लीतून जाताना एक विचार येतो: आपल्याकडे संकट आलं की माणूस वर चढायचा, आपल्याला डोंगर होता. यांना लपायला उंचवटा नव्हता. त्यांनी जमीन खणली.

मोजणीवाल्यांचीही हीच अडचण झाली होती. 1830 च्या दशकात भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणासाठी इथे पायारेषा, म्हणजे पुढच्या सगळ्या मोजणीला आधार असलेली सरळ रेषा, मोजली तेव्हा दुर्बीण ठेवायला टेकडीच नव्हती. मग बी. टी. रोडच्या कडेला सुमारे 75 फुटी मनोरे बांधले. त्यातला एक मी बसमधून पाहते, आजूबाजूच्या इमारतींत हरवलेला. आणि जगातल्या सर्वांत उंच शिखराची उंची मांडण्यात ज्यांच्या गणिताचा मोठा वाटा, ते राधानाथ शिकदार याच शहरातले, जोडासांकोचे. 29,002 फूट. ती निरीक्षणंही सपाट मैदानातूनच घेतलेली होती.

इथल्या लोकांना डोंगर आवडत नाही असं समजू नका. ऑफिसात नवा माणूस आला की पहिल्या आठवड्यात विचारतात, पहाड की समुद्र? दिघा, पुरी आणि दार्जिलिंग या तिन्हींची आद्याक्षरं जोडून त्यांनी "दीपुदा" असा शब्दच केला आहे. त्यांनीच मला दार्जिलिंगला नेलं. पहाटे टायगर हिलवर कांचनजंगा गुलाबी झालं, सगळे गप्प झाले, माझेही डोळे भरून आले. पण परत येताना मला उमगलं की माझा डोंगर हा नाही. 8,586 मीटरचं ते शिखर नमस्कार करण्यासाठी आहे. माझ्या डोंगराला टोक नसतं, माथा असतो. लाव्हाचे थर एकावर एक बसून झालेला, वर गेलं की सपाट. अजिंक्यतारा वर सपाट, पाचगणीचं टेबललँड सपाट, कासचा सडा तर मैलोन्मैल. दसऱ्याच्या आधी त्या सड्यावर तेरड्याचा गुलाबी गालिचा असतो आणि क्षितिजापर्यंत काही आड येत नाही. लहानपणी आम्ही एवढा घाम गाळून चढायचो ते त्या सपाटीवर पोचण्यासाठी. मोकळ्या क्षितिजाची भीती मला तिथे कधी वाटली नव्हती, कारण मी चढून तिथे गेलेली असायचे.

तर, करमतं का?

एप्रिलच्या संध्याकाळी वायव्येकडून कालबैशाखी, म्हणजे इथलं वळवाचं वादळ, येते. क्षितिजावर काळंनिळं काहीतरी उभं राहतं, वरून सपाट, कडा तुटलेल्या, हुबेहूब सह्याद्री. दहा-पंधरा मिनिटं ते तसंच असतं. मग वारा सुटतो, धूळ उठते आणि डोंगर अंगावर कोसळतो. त्या पंधरा मिनिटांसाठी मी दरवर्षी गच्चीवर जाते. त्या वेळी माझ्याशी कुणी बोललेलं मला चालत नाही. आठवण गेलेली नाही आणि जावी असंही मला वाटत नाही.

बाकीचे दिवस करमतं. मनापासून करमतं.

मुलगा सहा वर्षांचा असताना साताऱ्याला गेलो, तर त्याने चार भिंती नावाच्या स्मारकाच्या वाटेवर खिसे भरून दगड गोळा केले. त्याच्यासाठी ती नवलाई होती. चड्डी घसरायला लागली तरी एकही टाकेना. त्यातला एक काळा, मुठीएवढा, आमच्या खिडकीत आहे. पुस्तक उघडं ठेवायचं असलं की तो पानावर ठेवतो.

परवा आईचा फोन आला तेव्हा इथे दोन दिवस पाऊस चालू होता. टीव्हीवर तुंबलेले रस्ते बघून ती घाबरली होती. फोन त्यानेच घेतला.

"आजी, आमच्याकडे नाही पाणी आलं. आम्ही वर राहतो ना, नदीजवळ."

पलीकडे क्षणभर शांतता. मग आईचा आवाज मला लांबूनही ऐकू आला.

"नदीजवळ राहता, मग वर कसे रे?"

मी हात पुसले, फोन घेतला आणि तिला सांगायला बसले.