तुम्ही विचारलंत म्हणून : माझी आगगाडी गोल का फिरत नाही?

घरी येणारा जवळजवळ प्रत्येक पाहुणा भिंतीलगतची माझी रेल्वेची प्रतिकृती पाहून एकच प्रश्न विचारतो : यात गाडी गोल फिरत का नाही, आणि डोंगर, बोगदा, प्रवासी गाडी असे काहीच न ठेवता ही गोदामे आणि मालाचे डबेच कशासाठी? विचारणाऱ्यांपैकी पुष्कळांनी कोथरूडचे जोशींचे लघुरेल्वे संग्रहालय पाहिलेले असते. १९९८ पासून तिथे एका अख्ख्या शहराभोवती अनेक गाड्या एकाच वेळी धावताना दिसतात, त्यामुळे माझ्या फळीवरचे एकुलते एक संथ इंजिन पाहून त्यांची थोडी निराशा होणे स्वाभाविक आहे. आता हा प्रश्न लेखी आला आहे, तेव्हा उत्तरही सविस्तर देतो.

उत्तराचा पहिला भाग निव्वळ अंकगणिताचा आहे. एचओ या प्रचलित प्रमाणात प्रत्येक वस्तू प्रत्यक्षाच्या ८७ व्या भागाएवढी असते. भारतीय ब्रॉडगेजवर सर्वांत तीव्र वळण दहा अंशांचे, म्हणजे सुमारे १७५ मीटर त्रिज्येचे मानले जाते. त्याला ८७ ने भागले, तर त्रिज्या २ मीटर आणि पूर्ण वर्तुळाचा व्यास ४ मीटर होतो. आपल्या सदनिकांतील खोल्या एवढ्या रुंद नसतात. खेळण्याच्या संचातील ४५ सेंमी त्रिज्येचे वळण प्रत्यक्षात ३९ मीटरचे ठरते आणि त्यावरून लांब प्रवासी डबे जाऊ लागले की त्यांचे कोपरे विचित्रपणे बाहेर आलेले दिसतात. लांबीची अडचण याहून मोठी आहे. बॉक्सएन जातीची एक वाघीण, म्हणजे मालाचा एक डबा, १०.७ मीटर लांब असते. अशा ५८ वाघिणींचा रेक, म्हणजे त्यांची एकसंध जोडलेली रांग, ८७ पट लहान केला, तरी इंजिने सोडून ७ मीटरांच्या वर जातो. म्हणजे मुख्य मार्गावरची रेल्वे घरात आणायची तर पदोपदी तिला आखूड करावे लागते. कारखान्याची किंवा बंदराची साईडिंग, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्यासाठी बाजूला काढलेला रूळ, मात्र मुळातच आखूड असते. तिथे इंजिन लहान, वेग माणसाच्या चालीचा, वाघिणी मोजक्या आणि इमारती रुळांना खेटून उभ्या. थोडक्या जागेत कमीत कमी खोटे बोलून उभी करता येईल अशी दुसरी रेल्वे मला माहीत नाही.

विषय म्हणून मी मुंबईचा पूर्वेकडचा बंदराचा किनारा निवडला. प्रिन्सेस डॉक १८८० मध्ये, व्हिक्टोरिया डॉक १८८८ मध्ये आणि अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजची इंदिरा गोदी, १९१४ मध्ये सुरू झाली. त्या शेवटच्या गोदीच्या खोदकामातील भरावावर बॅलार्ड इस्टेट उभी राहिली आणि १९१५ मध्ये पोर्ट ट्रस्टची, म्हणजे बंदराचा कारभार पाहणाऱ्या संस्थेची, स्वतःची रेल्वे सुरू होऊन बॅलार्ड पिअरपासून वडाळ्यापर्यंतचा किनारा रुळांनी जोडला गेला. या पट्ट्यातली नावेच पाहा : दाणा बंदर, कोळसा बंदर, लकडी बंदर, टँक बंदर. आराखडा करणाऱ्याला याहून अधिक मार्गदर्शन नको. माझे बंदर याच धर्तीचे, पण काल्पनिक आहे आणि काळ १९७० च्या सुमाराचा धरला आहे. ही कालनिवड हौसेची नाही. १९८० च्या दशकात रेल्वेने सुट्या वाघिणींची वाहतूक मोडीत काढून पूर्ण रेकवर भर दिला, तेव्हा एका गोदामासमोर दोन वाघिणी आणि दुसऱ्यासमोर एक, असे दृश्य दाखवायचे तर त्याच्या आधीच्या काळात जावे लागते.

लोक सहसा आधी रूळ आखतात आणि मग उरलेल्या जागेत इमारती कोंबतात. औद्योगिक मांडणीत हे उलट करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. आधी माल ठरवावा. कापसाच्या गाठी येणार असतील तर बंद वाघिणी आणि त्यांच्यासाठी उंच फलाट हवा. कोळसा उघड्या वाघिणींतून येणार आणि फावड्याने उतरणार, तेव्हा तिथे फलाट नको, मोकळी जमीन हवी. तेल टाकीच्या वाघिणीतून येणार असेल तर नळांची जोडणी आणि बाकीच्या मालापासून अंतर हवे. कोणती वाघीण कुठे आणि किती वेळ उभी राहणार, हे कागदावर उतरले की रुळांचा आराखडा जवळजवळ आपोआप सुचतो.

रुळांची मूळ रचना मात्र माझी नाही. ॲलन राइट या ब्रिटिश छंदकाराच्या ‘इंगलनूक सायडिंग्ज’ या मांडणीतून ती घेतली आहे. तीत तीन साईडिंगे असतात. एकीत पाच आणि उरलेल्या दोहोंत प्रत्येकी तीन वाघिणी मावतात, तर इंजिनाच्या मागेपुढे करण्याच्या रुळावर इंजिन आणि तीनच वाघिणी बसतात. एकूण वाघिणी आठ. त्यांतल्या चिठ्ठीने निघालेल्या पाच, निघालेल्या क्रमानेच, लांब साईडिंगवर लावायच्या. आठांतून पाचांचे असे क्रम ६,७२० होतात, त्यामुळे कंटाळा येण्याचा प्रश्न उद्भवत नाही. माझी चारचाकी वाघीण बफरसह ९ सेंमीची आहे. म्हणजे लांब साईडिंगला ४५ आणि आखूड साईडिंगांना २७ सेंमी मोकळी लांबी लागते. सांधे, म्हणजे एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या जोडण्या, आणि इंजिनाचा रूळ धरून हा सारा खेळ दीड मीटरच्या आत बसतो. माझी फळी २४० सेंमी लांब आणि ४५ सेंमी रुंद आहे. उरलेली जागा धक्क्याला आणि गोदामांना मिळाली.

जाणकारांचा एक आक्षेप इथे नोंदवायला हवा. बाजारात मिळणाऱ्या एचओच्या रुळाचे गेज, म्हणजे दोन रुळांमधले अंतर, १६.५ मिमी असते आणि तो १,४३५ मिमीच्या विदेशी गेजसाठी बरोबर आहे. आपले १,६७६ मिमीचे ब्रॉडगेज त्या प्रमाणात १९.३ मिमी भरते. गंमत अशी की एका फुटाला ३ मिमी हे प्रमाण धरले, तर साडेपाच फुटांचे आपले गेज नेमके १६.५ मिमी येते, पण मग प्रत्येक वाघीण आणि इंजिन घरीच घडवावे लागते. मी तयार चाके आणि सांगाडे मिळावेत म्हणून एचओच ठेवले. बंदराचा इथे एक फायदा होतो. गोदीतले रूळ फरसबंदीत बुडालेले असल्यामुळे स्लीपर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्या, दिसत नाहीत, आणि स्लीपर दिसले नाहीत की गेज अरुंद असल्याचे डोळ्याला फारसे जाणवत नाही.

ती फरसबंदी हे या मांडणीतले सर्वांत चिकाटीचे काम होते. दोन रुळांच्या मधोमध दीड मिमी जाडीच्या पुठ्ठ्याची पट्टी चिकटवायची, आतल्या अंगाला चाकाच्या कडेसाठी दोन्हीकडे पुरेशी फट सोडायची आणि वर राखाडी रंग मिसळलेल्या प्लास्टर ऑफ पॅरिसचा पातळ थर द्यायचा. रंग आधीच मिसळलेला असला म्हणजे पुढेमागे टवका उडाला तरी आतून पांढरे दिसत नाही. थर अर्धवट ओला असतानाच सुईने दगडांच्या रेघा ओढाव्या लागतात. पूर्ण वाळल्यावर त्या फाटक्या उमटतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हा पृष्ठभाग रुळाच्या माथ्यापेक्षा केसभर खाली राहिला पाहिजे. तो वर आला तर रूळ पुसताना प्लास्टरची भुकटी रुळावर पसरते आणि चाकांना वीज मिळेनाशी होते.

विजेचा मुद्दा इथे इतरत्र असतो त्याहून नाजूक आहे. ताशी ५ किलोमीटर हा शंटिंगचा, म्हणजे वाघिणी इकडून तिकडे लावण्याचा, वेग ८७ पट लहान केला तर इंजिन सेकंदाला जेमतेम १.६ सेंमी सरकते, आणि एवढ्या संथ गतीत धुळीचा कणही त्याला थांबवतो. वेगात असलेले इंजिन असा अडथळा ओलांडून जाते. माझे जाऊ शकत नाही. त्यातून माझे इंजिन चित्तरंजन कारखान्याच्या डब्ल्यूडीएस-४ या शंटिंगच्या डिझेल इंजिनाच्या धर्तीचे, तीनच आसांचे आहे, म्हणजे रुळातून वीज घेणारी चाकेही थोडीच. म्हणून सांध्याच्या मधला काटा, म्हणजे दोन रूळ एकमेकांना छेदतात तो भाग, वीज न वाहणाऱ्या प्लास्टिकचा न घेता धातूचा घेतला आणि त्याला स्विचमधून वेगळा वीजपुरवठा दिला. वाघिणींचे वजनही जुळवले आहे. एनएमआरए या अमेरिकी संस्थेच्या शिफारशीप्रमाणे एक औंस आणि लांबीच्या दर इंचामागे अर्धा औंस असे धरले, की ९ सेंमीच्या वाघिणीला सुमारे ७८ ग्रॅम लागतात. तेवढे होईपर्यंत तळाला लोखंडी वॉशर चिकटवले. फळीसाठी मरीन प्लाय वापरून तिला दोन्ही बाजूंनी वॉर्निश दिले, कारण पावसाळ्यात साधे प्लाय फुगते आणि सांधे हलतात.

मागच्या भिंतीलगतची गोदामे सनबोर्डची, म्हणजे हलक्या फोमच्या फळीची, आहेत आणि ती केवळ ५ सेंमी खोल आहेत. समोरून पाहणाऱ्याला त्यांची पाठ कधीच दिसत नाही. उंच मालफलाट प्रत्यक्षात १,०६५ मिमी असतो, म्हणून इथे १२ मिमी. त्यावर रचलेल्या कापसाच्या गाठीही साधारण तेवढ्याच, १२ मिमी लांबीच्या, लाकडी पट्टीतून कापून वर बारीक सुती कापड लावलेल्या आहेत. लोखंडी पट्ट्यांच्या जागी काळा दोरा आहे. माणसांनी सर्वांत जास्त छळले. बाजारात मिळणारी दोन सेंमीची माणसे जर्मन वळणाची, पँट आणि हॅट घातलेली असतात. हॅट तासून काढणे, फेव्हिकॉलमध्ये भिजवलेल्या टिश्यू पेपरचे धोतर नेसवणे आणि पाठीवर कापसाची गाठ देणे, एवढे झाल्यावर तो गृहस्थ गोदीतला हमाल म्हणून खपतो.

तेव्हा पाहुण्यांना मी आता गाडी फिरवून दाखवत नाही. प्रत्येक वाघिणीचा एक असे आठ पत्ते पिसून त्यांच्या हाती देतो आणि निघालेल्या पाच वाघिणी क्रमाने लावायला सांगतो. सध्या दाण्याच्या गोदामाचे छप्पर बाकी आहे. मंगलोरी कौले घालावीत की पत्रे, याचा निर्णय होत नाही. तुमच्यापैकी कुणाच्या घरी गोदीत किंवा पोर्ट ट्रस्टच्या रेल्वेत नोकरी केलेले कुणी असेल आणि त्यांच्याकडे त्या काळातील गोदामांचे एखादे छायाचित्र असेल, तर मला ते पाहायला आवडेल. छप्पर तोवर तसेच राहू द्यायची माझी तयारी आहे.