वन्स मोअर आला आणि पडदा संपला

२०१२ सालची दिवाळी पहाट. सांगलीतलाच कार्यक्रम, आणि गायकांच्या मागच्या पडद्याचं काम आमच्याकडे. आठवडाभर रात्री जागून मी प्रत्येक गाण्याची चित्रफीत एडिट केली होती. गाणं चार मिनिटं दहा सेकंदांचं, तर चित्रफीतही चार मिनिटं दहा सेकंदांची. तिसऱ्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्याला वन्स मोअर आला. गायिकेनं हसून मान डोलावली, पेटीनं सूर धरला आणि कडवं पुन्हा सुरू झालं. माझी चित्रफीत मात्र पुढे निघून गेली होती. गाणं चालू असतानाच ती संपली आणि प्लेअरनं यादीतली पुढची फाइल आपणहून लावली. वीस फुटी पडद्यावर आधी फाइलचं इंग्रजी नाव उमटलं आणि मग विरहगीताच्या पाठीमागे पुढच्या लावणीची झुंबरं हलायला लागली.

गायिकेला ते दिसत नव्हतं. समोरच्या लोकांचे चेहरे बदललेले तेवढे तिला दिसले, आणि आपलंच काहीतरी चुकलं असं वाटून ती क्षणभर अडखळली. त्या अडखळण्याची बोच मला आजही आहे.

आमची फर्म कागदावर २००४ सालची. पण आम्ही आज जे काम करतो त्याची सुरुवात त्या पहाटेची, असं मी धरते.

त्याआधीची आठ वर्षं लग्नांची. यजमानांचा गावभागात फोटो स्टुडिओ होता. ते शूटिंगला जायचे आणि मिक्सिंग मी करायचे. पॅनासोनिकचा एमएक्स-५० मिक्सर आम्ही कोल्हापूरहून जुना घेतला होता. त्याची ती आडवी मूठ असलेली दांडी सरकवली की एक चित्र विरघळून दुसरं यायचं. मोठ्या लग्नात दोन कॅमेरे थेट त्या मिक्सरला जोडून मांडवातल्या पडद्यावर दाखवायचे. अक्षता पडल्या की नवरीच्या आईचा चेहरा कधी घ्यायचा, हे मी त्या दांडीवर शिकले. तेव्हा पडदा म्हणजे हातानं वाजवायची वस्तू होती. पुढे कॉम्प्युटर आला, सगळं आधीच एडिट करून ठेवता यायला लागलं आणि तो हात आम्ही गमावला. आमच्या चुकीचं मूळ तिथं होतं. हे कळायला मला ती दिवाळी लागली.

सांगलीत पडद्याचं काम करणं तसं सोपं नाही. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली मराठी रंगभूमी जिथं उभी केली, ते हे गाव. इथला प्रेक्षक वन्स मोअर देणारच. निवेदक रंगला की पाच मिनिटांची आठवण बारा मिनिटांची होणार. पाहुणे उशिरा आले की सातवं गाणं तिसऱ्या क्रमांकावर येणार. या सगळ्याला घड्याळ लावून केलेली चित्रफीत पुरी पडत नाही.

म्हणून २०१३ च्या पावसाळ्यात, कामं कमी असताना, मी सॉफ्टवेअर शोधायला बसले. पुण्यातल्या डीजेंच्या कार्यक्रमात पडदा चालवणारी मुलं मी पाहिली होती. त्यांना व्हीजे म्हणतात हेही तेव्हाच कळलं. त्यांची साधनं क्लबातल्या नाचासाठी घडलेली. भावगीताला चालणारं त्यांतलं कोणतं, हे सांगणारं कुणी नव्हतं.

घरीच एक परीक्षा ठरवली. रेडिओवरून ध्वनिमुद्रित केलेलं एखादं गाणं लावायचं आणि रिमोट माझ्या लेकीच्या हातात द्यायचा. ती तेव्हा सातवीत होती. तिनं मनाला येईल तिथं गाणं थांबवायचं, कडवं मागे घ्यायचं, मधूनच दुसरं गाणं लावायचं. पडद्यावरचं चित्र मी तिच्यामागे नेऊ शकले पाहिजे, आणि पडदा एकदाही काळा होता कामा नये. ज्या सॉफ्टवेअरवर हे जमेल ते घ्यायचं. बाकी गुणांची यादी मी बाजूला ठेवली.

जिनिव्हाच्या गराजक्यूबचं मॉड्युल८ आणि अमेरिकेतल्या विडव्हॉक्सचं व्हीडीएमएक्स यांचं कौतुक ऐकलं होतं, पण दोन्ही फक्त मॅकवर चालतात. आमची सगळी यंत्रं विंडोजची, तेव्हा तो दरवाजा बंदच. इसाडोरा हे मार्क कॉनिग्लिओ यांनी आपल्या नृत्यसंस्थेच्या प्रयोगांसाठी घडवलेलं. त्यात डबे तारांनी जोडावेत तशा क्रिया एकमेकींना जोडायच्या. नर्तिकेची एक-एक पावलं ठरलेली असतील तिथं ते सुंदर काम करेल, असं मला वाटलं. टोरांटोच्या डेरिव्हेटिव्हचं टचडिझायनर याच वळणाचं आणि त्याहून खोल. त्याच्या फुकट आवृत्तीत चित्र १२८० बाय १२८० पिक्सेलपर्यंतच निघतं. आमच्या कामाला तेवढं पुरलंही असतं, पण ती आवृत्ती धंद्यासाठी वापरायची नाही असा नियम आहे. खरं कारण मात्र वेगळं होतं. या दोन्हींत आधी वाद्य बांधावं लागतं आणि मग वाजवावं लागतं. मला उद्याच्या कार्यक्रमाला वाजवायला तयार वाद्य हवं होतं.

आर्काओसचं ग्रँडव्हीजे मला आवडलं. कीबोर्डच्या एकेका कळीवर एकेक क्लिप, अगदी पेटीसारखी. लेकीच्या परीक्षेत ते पासही झालं. पण त्यानंतर हॉलंडच्या रेझोल्यूमची चाचणी आवृत्ती उतरवली आणि पहिल्याच संध्याकाळी मला माझा मिक्सर परत मिळाल्यासारखं वाटलं. समोर चौकटींचा तक्ता असतो. आडव्या ओळी म्हणजे थर, उभे रकाने म्हणजे गाण्याचे टप्पे. चौकटीला बोट लावलं की क्लिप सुरू, रकान्याला लावलं की सगळे थर एकदम बदलतात. एका चित्रातून दुसऱ्यात विरघळायला किती वेळ घ्यायचा, तेही आपण ठरवायचं. चाचणी आवृत्तीला मुदत नाही. फक्त चित्रावर कंपनीची खूण येते आणि मधूनमधून आवाज येतो. ती खूण बघत, तो आवाज ऐकत मी चार महिने घरी सराव केला.

गाण्याची बांधणीच मग बदलली. चार मिनिटांची एक चित्रफीत करणं आम्ही सोडून दिलं. मुखड्याची एक क्लिप, प्रत्येक कडव्याची एक, मधल्या संगीताची एक, प्रत्येकी वीस-तीस सेकंदांची आणि टोकं जुळवून सतत फिरत राहणारी. कडवं तीनदा घेतलं तरी क्लिप फिरतच राहते. सगळ्यात खालच्या थरावर एक संथ चित्र कार्यक्रमभर चालू ठेवायचं: कृष्णेच्या घाटावरचं पहाटेचं धुकं किंवा नुसता हलता उजेड. आम्ही त्याला ‘आसरा’ म्हणतो. वरचं काहीही संपलं, अडकलं, चुकून बंद झालं तरी गायकाच्या मागे आसरा असतो.

अॅव्हेन्यू ही रेझोल्यूमची साधी आवृत्ती २९९ युरोंची, म्हणजे तेव्हाचे वीस-पंचवीस हजार रुपये. घरात यावर बरीच चर्चा झाली. ‘‘क्रॅक मिळतंय की वहिनी, कशाला पैसे घालताय?’’ असं ओळखीच्या मुलानं सांगितलंही होतं. एडिटिंगचं सॉफ्टवेअर आम्ही अनेक वर्षं तसंच वापरलं होतं, हे मी लपवत नाही. एका लग्नाच्या दिवशी अँटिव्हायरसनं त्याची मुख्य फाइलच पुसून टाकली आणि आम्ही संध्याकाळपर्यंत हात चोळत बसलो. थेट कार्यक्रमात तो धोका नको होता. शिवाय दुसऱ्याची मेहनत फुकट घेऊन आपल्या मेहनतीचे पैसे मागायचे, हे मला पटेनासं झालं होतं. २०१४ च्या गुढीपाडव्याला आम्ही लायसन्स घेतलं.

पहिल्याच तालमीत तीन थर एकदम लावले आणि चित्र झटके देऊ लागलं. दोष फाइलींचा निघाला. मोबाइलपासून टीव्हीपर्यंत सगळीकडे चालणाऱ्या एच.२६४ या चित्र साठवण्याच्या पद्धतीत बहुतेक फ्रेम पूर्ण साठवलेल्या नसतात. शेजारच्या फ्रेमशी काय फरक आहे एवढंच लिहिलेलं असतं, त्यामुळे क्लिपमध्ये उडी मारली की मधलं सगळं प्रोसेसरला नव्यानं सोडवावं लागतं. रेझोल्यूमचा स्वतःचा डीएक्सव्ही किंवा विडव्हॉक्सच्या पुढाकारानं निघालेला खुला हॅप या पद्धतींत प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते आणि ती उलगडायचं काम ग्राफिक्स कार्ड करतं. मोल मोजावं लागतं ते जागेत. साध्या हॅपमध्ये १९२० बाय १०८० ची एक फ्रेम सुमारे एक एमबीपर्यंत जाते, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर २५-२६ एमबी. तीन थरांना त्याच्या तिप्पट. जुनी फिरती हार्ड डिस्क तिथंच दमते. आम्ही एसएसडी घातली आणि झटके थांबले. नवीन कुणी सल्ला विचारला तर मी आधी हेच सांगते. सॉफ्टवेअर नंतर निवडा, आधी क्लिपा या पद्धतीत बदलून घ्या.

एलईडी वॉल आली तेव्हा आणखी एक धडा मिळाला. ठिपक्या-ठिपक्यात ३.९१ मिलिमीटर अंतर असलेल्या वॉलचा अर्ध्या मीटरचा चौरस खोका म्हणजे १२८ बाय १२८ पिक्सेल. पाच मीटर रुंद, तीन मीटर उंच वॉलला ते दहा बाय सहा लागतात, म्हणजे १२८० बाय ७६८. हा आकार टीव्हीच्या प्रमाणात बसत नाही. टीव्हीसाठी केलेलं चित्र त्यावर ताणलं की देवाची मूर्तीसुद्धा बुटकी किंवा लांबोडकी दिसते. म्हणून वॉलवाल्यांकडून आधी खोक्यांची संख्या घ्यायची आणि त्या मापाचाच तक्ता मांडायचा, असा आमचा शिरस्ता आहे. पुढे रंगमंचाच्या दोन्ही बाजूंना खांबांसारख्या वॉल लावण्याची पद्धत आली, तेव्हा चित्राचे तुकडे करून हव्या त्या जागी बसवता यावेत म्हणून दुपटीहून महाग असलेली रेझोल्यूमचीच अरेना ही आवृत्ती घेतली. ज्यांचं काम एका पडद्यावर भागतं त्यांनी तो खर्च करू नये.

तालाबद्दल थोडं लिहिते, कारण हे मला कुठल्याच माहितीपुस्तकात सापडलं नाही. ही सॉफ्टवेअरं मिनिटाला किती ठोके यावर चालतात आणि चार-चारच्या पटीत विचार करतात. केरवा आठ मात्रांचा, तो सहज बसतो. दादरा सहाचा, रूपक सातचा, झपताल दहाचा. तिथं क्लिप समेच्या आधी किंवा नंतर वळते. चित्र आणि तबला यांचं जुळत नाही हे प्रेक्षकाला शब्दात सांगता येणार नाही, पण खटकतं नक्की. उपाय म्हणजे क्लिपच्या ठोक्यांचा आकडा हातानं सहा, सात, दहा असा घालायचा आणि तबल्याबरोबर टॅपचं बटण दाबत लय पकडायची. अभंगाला लय चढत जाते, म्हणून बोट त्या बटणावरून काढायचं नाही. आवाज ऐकून आपोआप हलणारी चित्रं मी टाळते. ती झांजेच्या प्रत्येक आघातावर उसळतात आणि विठ्ठलाचं नाव मागे पडतं.

आणि विलंबित ख्यालाच्या मागे पडदा हलवण्याचं काम आम्ही घेत नाही. मिरज शेजारी आहे, तिथल्या मैफली ऐकत आम्ही वाढलो. एका षड्जावर गायक स्थिर झाला असताना मागे ढग पळवायला माझा हात होत नाही.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात स्टुडिओ गेला. आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं होतं. आम्ही दोन लॅपटॉप उचलून माडीवर नेले, पण बाकीचं राहिलं. एमएक्स-५० गाळातून काढला तेव्हा त्याची दांडी जागच्या जागी घट्ट बसली होती. तेरा-चौदा वर्षांच्या लग्नांच्या मूळ कॅसेटी गेल्या. त्या आमच्या नव्हत्या, लोकांच्या होत्या. महिनाभर एकेकाला फोन करून मी ते सांगत होते. एका आजोबांनी फक्त एवढंच विचारलं, ‘‘ताई, तुम्ही सगळे सुखरूप आहात न्हवं?’’

त्यानंतर प्रत्येक कार्यक्रमाच्या क्लिपा तीन ठिकाणी असतात, आणि त्यातलं एक ठिकाण सांगलीबाहेरचं आहे.

२०२० मध्ये कार्यक्रम घरांत गेले आणि वेगळंच मिक्सिंग शिकावं लागलं. कॅमेरे, पाहुण्यांची नावं, प्रक्षेपण यासाठी आधी फुकटचा ओबीएस वापरला. कामं वाढल्यावर ऑस्ट्रेलियाच्या स्टुडिओकोस्टचा व्हीमिक्स साठ दिवस चालवून पाहिला आणि घेतला. ‘‘एकच सॉफ्टवेअर दोन्ही कामं करणार नाही का?’’ असं आयोजक विचारतात. थोडीफार करतात, पण थेट कॅमेऱ्यांची निवड आणि गाण्यामागची चित्रं ही दोन वेगळ्या डोक्यांची कामं आहेत. आता आमच्याकडे दोन लॅपटॉप, दोन माणसं. कॅमेऱ्याचं चित्र एनडीआयनं, म्हणजे साध्या नेटवर्क केबलवरून, दुसऱ्या लॅपटॉपला मिळतं.

गायकाचा चेहरा वॉलवर दाखवताना ओठ मागे पडतात, ही तक्रार नेहमीची. २५ फ्रेमच्या हिशोबात एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद, आणि कॅमेरा, मिक्सर, वॉल मिळून तीन-चार फ्रेम सहज जातात. आवाजाला चौदा मीटर जायलाही साधारण ४० मिलिसेकंद लागतात. त्यामुळे मागच्या रांगेत ओठ आणि आवाज बरेचसे जुळतात, पहिल्या रांगेत नाही. आणि आयोजक पहिल्या रांगेत बसतात! म्हणून चेहऱ्याचं चित्र ज्या वाटेनं जातं तिच्यातली यंत्रं कमीत कमी ठेवायची. जिथं ते शक्य नसेल तिथं जवळचा चेहरा फार वेळ दाखवायचा नाही.

गणपती ते दिवाळी या काळात आम्ही कोणतंही सॉफ्टवेअर अपडेट करत नाही. नवी आवृत्ती येते, खुणावते, पण ती थेट पौष महिन्यात, आणि आधी घरच्या परीक्षेला बसते.

ती परीक्षा अजून तशीच आहे. मागच्या महिन्यात दोन नवीन मुलं कामाला विचारायला आली. रिमोट माझ्या लेकीकडेच होता. ती आता आमचे सगळे मोठे कार्यक्रम चालवते. पहिल्या मुलाला सॉफ्टवेअरची प्रत्येक कळ पाठ होती, पण तो सारखा स्क्रीनकडे बघत होता. दुसऱ्याला थर आणि रकाना यातला फरकही नीट माहीत नव्हता. लेकीनं कडवं मागे घेतलं तेव्हा त्याचं बोट अर्धा क्षण आधीच थांबलेलं होतं. तो गाणं ऐकत होता. तो सोमवारपासून येतोय.