अक्षर हलू द्यायचं नाही

आज चक्करेवरचे व्यायाम शिकवताना पुन्हा तेच दिसलं. डोकं हलवायला सगळे तयार, पण नजर कुठे आहे याकडे कुणाचं लक्ष नाही. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग बिघडून जुनी चक्कर असेल, तर खरं काम नजरेचंच.

हाताच्या अंतरावर, डोळ्यांच्या रेषेत भिंतीवर एक ठळक अक्षर चिकटवा. नजर त्यावर रोखून डोकं डावी-उजवीकडे थोडंसंच फिरवा, साधारण 20 ते 30 अंश. एक मिनिट. मग तसंच वर-खाली. वेग किती? अक्षर धूसर व्हायच्या जरा अलीकडे. अक्षर पुसट झालं तर वेग जास्त झाला. काहीच गरगरलं नाही तर कमी पडला. थोडी चक्कर यायलाच हवी, कारण नजर घसरते ही चूक कळल्याशिवाय मेंदू दुरुस्ती करत नाही. मात्र ती 15-20 मिनिटांत ओसरली पाहिजे. तासन्‌तास टिकली तर पुढच्या वेळी वेळ आणि वेग दोन्ही कमी करा.

दिवसातून तीन ते पाच वेळा, दर वेळी हे पुन्हापुन्हा करत, दिवसाला मिळून किमान 20 मिनिटं, चार ते सहा आठवडे. एकदाच उरकून टाकू, हे इथे चालत नाही!

तोलासाठी कोपऱ्यात, पाठ भिंतींकडे करून, पुढ्यात खुर्ची ठेवून उभं राहा. आधी पाय जुळवून, मग डोळे मिटून, शेवटी फोमच्या मऊ गादीवर.

चक्कर दाबणाऱ्या गोळ्या महिनोन्‌महिने चालू असतील तर मेंदूचं हे शिकणं मंदावतं. डॉक्टरांशी बोला, परस्पर बंद करू नका. आणि फक्त कूस बदलताना काही सेकंद गरगरत असेल, तर बहुधा कानाच्या आतले बारीक खडे जागेवरून सरकलेले असतात. त्याचे उपचार वेगळे.